‘कोलेस्टेरॉल तर जखम भरायला येतं!’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तरच उत्तर देते. तुमचं म्हणणं असं : कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, यकृत ते स्वतः बनवतं, मेंदूत ते भरपूर असतं. धमनीला जखम झाली की ती भरायला ते तिथे जातं, मग दोष त्याला का? शिवाय तुमचं एचडीएल (ज्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात) ७० आहे, त्यामुळे एलडीएल (ज्याला ‘वाईट’ म्हणतात) १८० असलं तरी काळजी नाही.

एक चूक आधी कबूल करते. ‘वाईट कोलेस्टेरॉल’ हा शब्द मी आधीच्या लिखाणात वापरायला नको होता. रेणू एकच, एलडीएलमध्ये असतो तोच एचडीएलमध्येही. फरक आहे तो वाहनाचा.

रक्तात मुख्यतः पाणी असतं आणि कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते प्रथिनं आणि फॉस्फोलिपिड (एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ) यांच्या वेष्टनातून न्यावं लागतं. तेलकट, भरपेट जेवणानंतर काढलेलं रक्त नळीत स्थिर ठेवलं, तर वरचा पिवळसर द्रव दुधाळ दिसतो. आतड्यातून निघालेली ही मोठी वाहनं, कायलोमायक्रॉन. काही तासांत ती रिकामी होतात आणि रक्त निवळतं. यकृत स्वतःचा माल, म्हणजे चरबी आणि कोलेस्टेरॉल, व्हीएलडीएल नावाच्या वाहनात भरून पाठवतं. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी त्यातली चरबी उतरवून घेतात, कण आकसत जातो आणि शेवटी एलडीएल उरतं. ते मात्र दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं. त्याला परत आत घेणारे दरवाजे, म्हणजे एलडीएल रिसेप्टर, मुख्यतः यकृतावर असतात. एक रिसेप्टर कण आत सोडून साधारण १० मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर हजर होतो! हे दरवाजे शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५चं नोबेल मिळालं.

आता तुमचा जखमेचा मुद्दा. एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपोबी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. कण धमनीच्या आतल्या थरात शिरला की हे प्रथिन तिथल्या जाळ्याला चिकटतं. अडकलेले कण पांढऱ्या पेशी गिळत सुटतात, फुगतात, आणि थर साचू लागतो. त्यासाठी आधी जखम व्हावीच लागते असं नाही. काही मुलांना आईवडील दोघांकडूनही बिघडलेल्या रिसेप्टरचा जनुक मिळतो. सिगारेट नाही, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तरी उपचार न झाल्यास त्यांना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कुठली जखम भरायला गेलं होतं त्यांचं कोलेस्टेरॉल? याउलट, पीसीएसके९ हा जनुक जन्मतः निकामी असलेल्या माणसांत रिसेप्टर जास्त टिकतात. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी. २८ला ८८ कसे? कारण ते कमी एलडीएल जन्मापासूनचं होतं. धमनीला आकड्याइतकीच वर्षंही मोजावी लागतात.

मेंदूचं म्हणाल तर तो लागणारं जवळजवळ सगळं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. रक्तातलं एलडीएल तिथवर पोचतच नाही.

एचडीएलबद्दलचा तुमचा दिलासा मात्र मला खरोखर खटकला. एचडीएल खूप वाढवणाऱ्या टॉरसेट्रॅपिब या औषधाची मोठी चाचणी २००६मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. त्या औषधाने रक्तदाबही वाढायचा, हे खरं. पण नंतर आलेल्या डालसेट्रॅपिबने रक्तदाब फारसा न वाढवता एचडीएल वाढवलं, तरी हृदयाला फायदा झालाच नाही. म्हणून तुमच्या १८०मधून माझ्या मते ७०ची वजावट होत नाही.

आईवडील, भावंडं यांपैकी कुणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाला असेल तर हा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि अपोबीची तपासणी करायची का ते विचारा. झाला नसेल तरीही जा.