माझा आर. एम.

मी चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. त्यामुळे आर. एम. म्हटलं की मला अजून रीजनल मॅनेजरच आठवतो. वर्षातून एकदा यायचा, पण त्या एका दिवसात वर्षभराचा घाम काढून जायचा. दिवाळीच्या सुट्टीत आलेली नात म्हणाली, "आबाजी, आज तुमचा वन आर. एम. काढू," तेव्हा मी सवयीनं सदऱ्याची वरची गुंडी लावली.

नात नागपूरला फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडे वन आर. एम., म्हणजे वन रिपिटिशन मॅक्सिमम, म्हणजे माणूस नीट पद्धतशीर एकदाच उचलू शकतो आणि दुसऱ्यांदा उचलू शकत नाही ते वजन. मला हायसं वाटलं. आमच्या दर्यापूरकडच्या गावात ही परीक्षा जुनीच आहे. मारुतीच्या पाराजवळ काळा गोटा पडलेला आहे. गावातल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषानं तो ज्वानीत खांद्यावर घेतलेला असतो आणि ते पाहणारे झाडून सगळे वारलेले असतात.

"गोटा काही मी उचलला नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं. "पण युरियाची पन्नास किलोची गोणी बैलबंडीतून पाठीवर घेऊन घरात आणली. एकट्यानं."

"कधी?"

"करोनाच्या आदल्या वर्षी."

"मंग ते पंचेचाळीस किलो झाले. २०१८ पासून युरियाची गोणी पंचेचाळीसचीच येते."

अजून परीक्षा सुरू व्हायची होती आणि सरकारनं माझे पाच किलो आधीच कापून घेतले होते.

या भानगडीचं मूळ खुर्चीत होतं. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही हात दांड्यांवर टेकून "हे राम" म्हणत उठलो, ते तिनं पाहिलं. सकाळी तिनं बिनदांड्याची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, हात छातीवर घडी घालायला लावले आणि मोबाईलवर तीस सेकंद लावले. जितक्या वेळा पूर्ण उभं राहून बसता येईल तितकं बसायचं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषाला बारा तरी जमायला पाहिजेत, त्याच्या खाली आलं तर पडण्याची भीती जास्त. मी सदुसष्टचा. माझे अकरा झाले आणि बाराव्याला मी अधांतरी असताना घंटी वाजली.

इथे नियम असा की अर्ध्याच्या वर उठलेला असला तर ती खेप धरतात. मी अर्ध्याच्या वर होतो की खाली, यावर पंधरा मिनिटं वाद झाला. नेमक्या त्याच वेळी कापूस वेचायला निघालेल्या बाया टोपल्या, डबे घेऊन अंगणात जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "सायेब ना बसले व्हते, ना उठले व्हते." बारावी खेप धरली गेली, पण नातीनं वहीत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आता हाताची ताकद. ग्रामपंचायतीनं गावाला ओपन जिम दिली आहे, पण तिच्यात उचलायचं ते आपलंच अंग, वजनाच्या चकत्या नाहीत. शिवाय त्या यंत्रांवर लोकांच्या गोधड्या वाळतात आणि एकाला कायमची बकरी बांधलेली असते. म्हणून नातीनं तेलाचा रिकामा डबा घेतला, पाणी भरलं आणि कापूस मोजायच्या काट्याला अडकवला. बाया लगेच पुढे सरकल्या. त्या काट्याशी त्यांचं जुनं वैर आहे. "पोरी, त्याच्यावर भरोसा नोको ठेवू, तो कमीच दाखवते." मी दुसरीकडे पाहू लागलो. काटा माझा होता.

मला वाटलं, डबा काठोकाठ भरायचा, एकदा उचलायचा, मोकळं व्हायचं. पण ते तिला चालेना. म्हाताऱ्या माणसाला एकदम जास्तीत जास्त वजन दिलं की तो दम कोंडतो, दम कोंडला की बीपी उसळतो, आणि मी तर बीपीची गोळी खातो. म्हणून हलकं वजन घ्यायचं, दमेपर्यंत उचलायचं आणि खेपांवरून मोठं वजन गणितानं काढायचं. एपली नावाच्या गृहस्थाचं सूत्र असं: खेपांना तीसनं भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि उचललेल्या वजनानं गुणायचं. दम कोंडू नये म्हणून आकडे मोठ्यानं म्हणायचे.

डबा दहा किलोवर आणला. दोन्ही हातांनी धरायचा, कोपरं कमरेला चिकटलेली, छातीपर्यंत आणायचा. "एक!" मी म्हणालो. पाचापर्यंत माझा आवाज होता. सहापासून बाया मोजू लागल्या. नवव्याला पाठ मागे झुकली, सदऱ्याची गुंडी तुटून डब्यात पडली आणि नातीनं "बास" केलं.

दहा किलो, नऊ खेपा: तेरा किलो. तिनं ब्रझिकी नावाच्या दुसऱ्या गृहस्थाच्या सूत्रानंही काढून पाहिलं, तर बारा किलो आठशे साठ ग्रॅम. म्हणजे माझ्या दोन्ही हातांची मिळून उभ्या आयुष्याची कमाई एका बऱ्यापैकी कोहळ्याएवढी, आणि त्यातही दोन विद्वानांचं एकशेचाळीस ग्रॅमनं जमत नाही.

"पहिल्या दिवसाचा आकडा खरा नसते," नात समजुतीनं म्हणाली. वय झालेल्या माणसाला हालचाल अंगवळणी पडायलाच बऱ्याच बैठका लागतात, सुरुवातीला वाढतो तो आकडा, स्नायू नाही. मी हे वाक्य ताबडतोब पाठ केलं.

एवढ्यात बायको भाकरीचं पीठ लागलेले हात पुसत बाहेर आली. "काऊन जी, सकाळपासून डबाच काऊन उचलून राह्यले?" नातीनं तिलाही उभं केलं. दहा किलो तिनं पंधरा वेळा उचलले, वर मधेच एका बाईला लोणचं कसं झालं म्हणून विचारलं. नात म्हणाली, हे धरता येत नाही, दहा खेपांच्या पुढे सूत्र बिघडते. थोडा दम खाऊ देऊन डबा बारा किलोवर नेला. बरोब्बर दहा खेपा.

एपली: सोळा किलो. ब्रझिकी: सोळा किलो. दहा खेपांवर ही दोन्ही सूत्रं एकाच आकड्यावर येतात म्हणे. माझ्या बाबतीत भांडणारे दोन्ही गृहस्थ तिच्या बाबतीत एका ग्रॅमाचाही वाद न घालता सह्या करून मोकळे झाले. बायांनी टाळ्या वाजवल्या. काटा कमी दाखवतो, हे या वेळी कोणीच म्हणालं नाही.

माझा चेहरा पाहून नातीनं १९९० सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगितला. सरासरी नव्वद वर्षांच्या दहा म्हाताऱ्या माणसांनी आठ आठवडे वजनं उचलली, तर ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. आठ आठवड्यांत १७४ टक्के! माझ्या अख्ख्या नोकरीत कोणत्याही एफडीला मी असं व्याज पाहिलं नाही. मी तिथेच हिशोब केला: तेराचे पस्तीस किलो सहाशे वीस ग्रॅम.

"आबाजी, ते पायाच्या ताकदीचं होतं."

"मंग पाय काढ माझे!"

ते उद्यावर गेलं. हातांसाठी सुरुवात चाळीस ते पन्नास टक्क्यांवर करायची, म्हणजे फार तर साडेसहा किलो, एक दिवसाआड. बायकोनं हे नीट ऐकून घेतलं आणि आत जाऊन ज्वारीची पिशवी काट्याला लावली. सहा किलो भरली. "घ्या. एक दिवसाआड दळण तुमच्याकडं."

चक्कीवाल्यानं पिशवी उचलून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "सायेब, एवढंसंच आणलं?"

"शेचाळीस टक्के आहे," मी म्हणालो.