गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या बाळाच्या सामानाच्या दुकानाला मिळालेल्या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. दुधाच्या बाटल्यांवर आमच्याकडे कधीच ऑफर नसते, डायपर ऑनलाइनपेक्षा महाग पडतात, उघडलेलं पाकीट बदलून दिलं नाही, दूध पावडरचा डबा संपत आला की ॲपवर येते तशी आठवण येत नाही आणि वॉकर मागितला तर ‘ठेवत नाही’ असं उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी म्हटलंय, ‘आजच्या आईला काय हवं ते यांना ठाऊकच नाही.’ हे वाक्य लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बाटलीचं बोलू. दूध पावडर, दुधाची बाटली आणि शिशुआहार यांच्या विक्रीवर आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाची पावडर, त्याचा तयार आहार आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने वाटता येत नाहीत. खप वाढवण्यासाठी कुठलंही आमिष दाखवता येत नाही, आणि बाटलीवरची सूट हे आमिषच, असं आम्ही धरून चालतो. इतकंच नव्हे, तर या वस्तू खपवण्यासाठी गरोदर बाईशी किंवा तान्ह्या बाळाच्या आईशी संपर्क साधायलाही मनाई आहे. ‘डबा संपत आला असेल, पुन्हा मागवा’ असा निरोप आम्ही पाठवत नाही तो याचसाठी.

या कायद्यामागचं कारण मला मनापासून पटतं. पहिल्या दिवसांत फुकट मिळालेला डबा बाळाला पाजला की अंगावरचं पाजणं कमी होतं, पाजणं कमी झालं की दूधही कमी येतं, आणि मग डबा विकतच आणावा लागतो. गिऱ्हाईक असं तयार करायचं नसतं. ज्या बाईला पावडर लागते तिला ती आमच्याकडे मिळते, आणि ‘का घेतेस’ म्हणून तिला कोणी एका शब्दानेही टोचत नाही. दुकानातल्या मुलींना ही पहिली ताकीद आहे.

आता आजच्या आईबद्दल. तिला काय हवं हे तिचे निरोपच सांगतात. ते बहुतेक रात्रीचे असतात. बाळ मांडीवर, एक हात मोकळा, म्हणून टाइप न करता व्हॉइस मेसेज, तोही मधेच तुटलेला. दुपटी विचारता विचारता ती थांबते आणि सकाळी पुन्हा तिथूनच सुरू करते. वस्तू निवडून ठेवते, पण लगेच घेत नाही. बहिणीला फोटो पाठवते, बाळंतिणींच्या ग्रुपवर विचारते, सासूबाईंचं मत घेते, आणि पैसे भलत्याच नंबरवरून येतात, कारण यूपीआय नवऱ्याचं असतं. कुंची, टोपरं, बाळंतविड्याचं सामान घेताना घासाघीस न करणारी बाई स्वतःसाठी साधा पाजायचा गाऊन मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून यादीतून काढते. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर कुरिअरवाल्याला घर सापडत नाही, तेव्हा पुडकं बसच्या चालकाकडे देऊन तिला फोन करायचा, हेही आमचं रोजचंच.

ही बाई दमलेली असते आणि काळजीत असते. नेमकं हेच बाजाराने हेरलंय. प्रसूतीची तारीख एकदा ॲपवर टाकली की आठवड्या-आठवड्याला ‘हे घेतलंत का?’ सुरू होतं. ‘फक्त दोनच उरले’, ‘दहा मिनिटांत ऑफर संपेल’, हे तिला रात्री दोन वाजता दिसतं, बाळ रडत असताना. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं त्यात आहे. न मागितलेली वस्तू गुपचूप यादीत घालणं आहे. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणंही आहे. आमच्याकडे यातलं काही नाही. तारीख आम्ही विचारत नाही. रात्रीच्या प्रश्नाला सकाळी नऊनंतर उत्तर देतो, कारण रात्री त्या वेळी घेतलेला निर्णय तिच्या फायद्याचा असेलच असं मला वाटत नाही.

डायपरच्या दराबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. मोठे पॅक ऑनलाइन स्वस्त पडतात, जरूर तिथून घ्या. मी एवढंच सांगते की २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळाचे डायपर आणि दुधाच्या बाटल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याच दिवशी आम्ही दर उतरवले, जुन्या मालाचेसुद्धा.

वॉकर मी पुढेही ठेवणार नाही. तो मिळाला तर बाळ लवकर चालतं हा समज चुकीचा आहे, आणि त्यात बसलेलं बाळ आपल्याला वाटतं त्याहून फार वेगाने पुढे सरकतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडच्या जुन्या घरांत राजांगणाची म्हणजे मधल्या चौकाची पायरी, सोप्याची म्हणजे ओसरीची पायरी, उंबरा, सगळं बाळाच्या वाटेवरच असतं. त्याऐवजी ढकलत चालायची लाकडी गाडी आहे. तिच्यावर आयएसआय खूण आहे, जी १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सक्तीची आहे. खूण नसलेलं खेळणं ऑनलाइन कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, ही मात्र माझी विनंती.

उघडलेलं पाकीट परत घेऊन आम्ही दुसऱ्या बाळाला देऊ शकत नाही, त्यामुळे तो नियम तसाच राहील. न उघडलेलं पाकीट मात्र कधीही आणा, बिल नसलं तरी साईझ बदलून मिळेल. डायपरचा साईझ वयावर नसतो, वजनावर असतो. तुमच्या बाळाच्या लसीच्या कार्डावरचं शेवटचं वजन व्हॉट्सॲपवर कळवा, म्हणजे आधी छोटं पाकीट काढून ठेवते. ते बसलं तरच मोठं घ्या, मग ते कुठूनही घ्या.