रेलून बसल्याने चढ सोपा होत नाही

गोव्यातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. खुर्चीत रेलून, पाय पुढे ताणून चालवायची रिकम्बंट सायकल म्हणे सर्वांत वेगवान, म्हणून तर तिच्यावर बंदी आली. तिला चढाला निम्मीच ताकद लागते, पाठदुखी कायमची जाते आणि जमिनीलगत असल्याने धोका नाही.

बंदीची गोष्ट अर्धी खरी, पण तो अर्धा भाग झकास आहे. ७ जुलै १९३३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून टिकून होता. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की ही सायकल तिच्यात बसेना. म्हणजे शर्यतीतून बाद झाली; रस्त्यावर आजही खुशाल चालवा. वेग मात्र खराच: रेललेलं शरीर हवेला कमी अडवतं, आणि सपाटीवर जोरात जाताना बहुतेक ताकद हवाच खाते.

नेमकं म्हणूनच चढाचा दावा कोसळतो. फर्मागुडीच्या चढावर वेग एवढा उतरतो की हवा कापण्यात फारसं काही वाचत नाही. तिथे वजन ओढायचं असतं, आणि रिकम्बंट सहसा जड. शिवाय पेडलवर उभं राहून अंगाचा भार टाकायची सोय नाही. दुचाकी रिकम्बंट त्या संथ वेगात डगमगते. तीनचाकी डगमगत नाही, हलक्या गिअरवर ती गोगलगायीसारखी चढेल. पण ‘निम्मी ताकद’? चोर्ला घाटात नेऊन दाखवा.

मनगटं, मान आणि बैठक यांना आराम मिळतो, हे मान्य. दिवाडीच्या सपाट रस्त्यांवर ही बैठक राजेशाहीच वाटेल. पण पाठदुखीची कारणं अनेक, त्यावर सरसकट रामबाण कसला? उलट खड्डा किंवा गतिरोधक आला की साध्या सायकलवर आपण बूड उचलतो. इथे तो दणका थेट पाठीला. पाय उंच राहिल्याने काहींची पायाची बोटं बधिर होतात. पाठ टेकून जोर लावता येतो म्हणून जड गिअर दामटलात, तर गुडघेही बोलू लागतात.

सुरक्षेचा दावा सगळ्यांत घातक. पडलात तर उंची कमी, हे खरं. पण आपल्याकडच्या अरुंद वळणांवर, दोन्हीकडे चिऱ्यांच्या गडग्यांमधून भाड्याची गाडी घेतलेला पर्यटक सुसाट येतो, तेव्हा त्याला आधी दिसायला तर हवं! मागे उंच काठीवर झेंडा, दिवसाही दिवा आणि आरसा हवाच. रेलून मागे वळून बघणं अवघड.

एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. तीनचाकीची साखळी दोन-तीन साध्या साखळ्या जोडून होईल एवढी लांब असते. खारी हवा आणि जूनपासूनचा लाल चिखल, म्हणजे ती पुसून तेल देण्याचं कामही तेवढंच वाढलं.