भांडवल बुडालं की दुसऱ्या गल्ल्यात गेलं?

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, काज मशीनचं राहू दे आता," एवढंच म्हणाली आणि विषय बदलायला लागली.

तिचा शिवणकामाचा छोटा कारखाना आहे. दोन शिलाई मशीन, कापडाच्या कडा बांधणारी एक ओव्हरलॉक मशीन, कटिंगचं टेबल आणि हाताखाली दोघं जण. शर्टांची मोठी ऑर्डर आली की काजं करायला माल बाहेर पाठवावा लागतो. त्यात दिवस जातात, आणि हातात पडणाऱ्या नफ्याचा चांगला तुकडाही जातो. स्वतःची काज मशीन घ्यायची, त्यासाठी कर्ज काढायचं, हे तिने सहा महिने हिशोब करून ठरवलं होतं. अर्ज भरून तयार होता. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "कर्ज काढण्याआधी हे नीट वाच, बाळा."

‘महिलांच्या व्यवसायाबद्दल पाच कटू सत्यं’ असा तो मेसेज. मला तो आणखी दोन ग्रुपवरही आलाय, म्हणजे बराच फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. एक, गिऱ्हाईक माल बघतं, विकणारी बाई आहे की पुरुष हे बघत नाही. दोन, स्वतःचा धंदा म्हणजे वेळ आपल्या हातात, त्यामुळे घर आणि काम दोन्ही आरामात होतं. तीन, बाईच्या धंद्यात घातलेलं भांडवल वाढत नाही, हे परदेशी संशोधनाने सिद्ध झालंय. चार, बायकांना जोखीम घेता येत नाही, म्हणून त्यांचे धंदे लहान राहतात. पाच, कायद्याने सगळं समान झालंय, आता तक्रारीला जागा नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बहिणीचा अर्ज खणात गेला तो त्याच्यामुळे.

मेसेज म्हणतो, श्रीलंकेत संशोधकांनी बायकांना आणि पुरुषांना सारखेच पैसे दिले. पुरुषांचे धंदे वाढले, बायकांचे होते तिथेच राहिले. म्हणून बाईला भांडवल देणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. यातला प्रयोग खरा आहे, हे आधीच मान्य करते. सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुड्रफ या तीन अर्थतज्ज्ञांनी तो केला. अगदी छोटे धंदे करणाऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना १०,००० तर काहींना २०,००० श्रीलंकन रुपये दिले, कुणाला रोख, कुणाला माल किंवा अवजारांच्या रूपात. ते परत करायचे नव्हते. २००९ साली छापून आलेला निष्कर्षही मेसेजमध्ये बरोबर सांगितलाय. पुरुषांची कमाई वाढली आणि टिकली, बायकांच्या धंद्यांत सरासरीने वाढ दिसली नाही.

पण मेसेज लिहिणाऱ्याने वाचन तिथेच थांबवलं. संशोधन पुढे गेलं. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी श्रीलंकेची तीच आकडेवारी पुन्हा उघडली, सोबत भारत आणि घाना इथल्या प्रयोगांची घेतली, आणि आधी कुणी नीट न विचारलेला एक साधा प्रश्न विचारला: या बाईच्या घरात आणखी कुणाचा धंदा आहे का? बऱ्याच घरांत होता, नवऱ्याचा. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात २०१९ साली त्यांचा लेख आला. बाईच्या नावाने आलेला पैसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या धंद्यात लागला होता. तिच्या धंद्याचा नफा मोजला की शून्य दिसतो, कारण पैसा तिथे नव्हताच. सगळ्या घराची कमाई मोजली तर पैसे बाईला दिले काय आणि पुरुषाला दिले काय, वाढीत फरक सापडत नाही. आणि ज्या घरात धंदा एकट्या बाईचाच होता, तिथे भांडवल आल्यावर तिचा नफा चांगला वाढला.

म्हणजे ज्या आकड्यांवर मेसेज उभा आहे, तेच आकडे पूर्ण वाचले की उलटं बोलतात. हे न वाचता कुणाच्या लेकीसुनेला ‘तुझ्या हातात पैसा टिकत नाही’ असं सांगणं हा अन्याय आहे, आणि तो मला सहन होत नाही.

हे मी बहिणीला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांब, वही आणते." तीन वर्षांपूर्वी तिने एक कर्ज काढलं होतं. मामांनी त्या कर्जाचाही विषय काढलाच होता, "मागच्या कर्जातून तुझा धंदा कुठे वाढला?" आणि तिच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. वहीत तीन नोंदी निघाल्या. ओव्हरलॉक मशीन. अस्तराचं कापड, दोन तागे. तिसरी पेन्सिलीने लिहिलेली, "ह्यांना, मालासाठी." तिसरी रक्कम सगळ्यात मोठी होती, जवळजवळ निम्मी. तिच्या नवऱ्याचा वह्या-कागदांच्या पुरवठ्याचा धंदा आहे. हंगाम तोंडावर होता, माल भरायचा होता, तिने आपणहून दिले. माल विकला गेला, नफा झाला, तो घरात आला. कुणी कुणाला फसवलं नाही. पण तो नफा लिहिला गेला त्याच्या वहीत, आणि कर्जाचे सगळे हप्ते गेले तिच्या खात्यातून. वर्षअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर त्याचा धंदा वाढलेला आणि तिचा कर्जात दिसणार, हे उघड आहे. ती तीन वर्षं स्वतःला कच्ची समजत होती.

घरातला पैसा ज्या धंद्यात जास्त मिळेल तिथे लावणं चूक नाही. पुष्कळदा नवऱ्याचा धंदा आधीपासून मोठा असतो, त्याला माल उधार मिळतो, पैसा लवकर फिरतो. घर म्हणून तो निर्णय शहाणपणाचाही असू शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मग तो पैसा त्याच्या नावावर उसना म्हणून लिहा, आणि त्या भागाचा हप्ता त्याच्या गल्ल्यातून जाऊ दे. तेवढं केल्याशिवाय तिच्या धंद्याला नापास करायचा अधिकार कुणालाच नाही.

आता पहिला मुद्दा. ‘गिऱ्हाईक फक्त माल बघतं.’

मागच्या महिन्यात मी तिच्या कारखान्यात बसले होते. ओव्हरलॉकचा टाका सुटत होता. तिने सुई बदलून पाहिली, धाग्याचा ताण बघितला, मग मेकॅनिकला बोलावलं आणि तो आत येताच सांगितलं, "लूपरचं टायमिंग हललंय." त्याने ऐकलं, आणि वळून कोपऱ्यात धागे कापत बसलेल्या मुलाला विचारलं, "काय होतंय रे मशीनला?" तो मुलगा कामाला लागून महिना झाला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मेकॅनिकने सुई बदलली, ताण बघितला, म्हणजे तिने केलेलं सगळं पहिल्यापासून केलं, आणि अर्ध्या तासाने लूपरपाशी, म्हणजे टाका घालणाऱ्या आतल्या भागापाशी आला. दोष तिथेच होता. त्या अर्ध्या तासात दोघांचं काम थांबलं होतं आणि संध्याकाळी माल द्यायचा होता. बहीण चिडलीसुद्धा नाही. "नेहमीचंच आहे," म्हणाली. मला तिच्या त्या ‘नेहमीचंच’चा जास्त राग आला.

नवीन गिऱ्हाईक आलं की "मालक आहेत का?" हा प्रश्न तर ठरलेलाच. ‘मीच’ म्हटल्यावर भाव करण्याची पद्धत बदलते. आगाऊ रक्कम मागितली की "विश्वास नाही का आमच्यावर?" येतं. उधारी वसूल करायला तिने फोन केला तर "बघतो", आणि त्याच माणसाला तिच्या नवऱ्याने केला तर तारीख मिळते. हा एका बाईचा अनुभव झाला, पुरावा नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणून पुरावा देते. तामार क्रिचेली-कात्झ आणि ताली रेगेव या संशोधकांनी ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरचे अमेरिकेतले दहा लाखांहून जास्त लिलाव तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. वस्तू तीच, नवीकोरी, खोक्यातली. पुरुषाला जिथे एक डॉलर मिळाला, तिथे बाईला सरासरी ८० सेंट मिळाले. वापरलेल्या वस्तूंमध्ये फरक कमी होता, ९७ सेंट. बाईच्या मालावर बोल्याही कमी लागत होत्या. विकणारा बाई आहे की पुरुष हे ईबे सांगत नाही. लोक नावावरून, मजकुरावरून अंदाज बांधतात. इथे ‘बाई भाव करताना कच्ची पडते’ म्हणायचीही सोय नाही, कारण भाव बोली लावणारे ठरवतात. याच संशोधकांनी एक वेगळा प्रयोगही केला. १०० डॉलरचं गिफ्ट कार्ड, ज्याची किंमत त्याच्यावरच छापलेली, तेसुद्धा विकणारीचं नाव बाईचं असेल तर लोकांनी कमी किमतीचं धरलं. शंभराच्या कार्डात शिलाई वाकडी असण्याचा प्रश्न नसतो. मग गिऱ्हाईक कुठला माल बघत होतं?

दुसरा मुद्दा, वेळ आपल्या हातात असण्याचा. यावर फार लिहीत नाही, कारण ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांच्या घरातल्या कुठल्याही बाईला विचारलं तरी उत्तर मिळेल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ६४ देशांची आकडेवारी आहे. घरातलं बिनपगारी काम, म्हणजे स्वयंपाक, साफसफाई, मुलं, आजारी माणसं, बायका दिवसाला ४ तास २५ मिनिटं करतात आणि पुरुष १ तास २३ मिनिटं. धंदा स्वतःचा आहे म्हणून हे तास कमी होत नाहीत. उलट नोकरी करणाऱ्या बाईला ‘ऑफिस आहे’ असं सांगता तरी येतं. कारखाना घराला लागून असला की ‘जरा ये गं’ला नाही म्हणायची सोय नसते, कैची हातात असली तरी. एवढं मात्र मान्य करते की मूल तापाने फणफणलेलं असताना बहिणीला रजेचा अर्ज द्यावा लागला नाही. पण त्या दिवशीचं कटिंग तिने रात्री बारानंतर केलं.

चौथा, जोखमीचा. बायकांचे धंदे सरासरीने लहान असतात, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण ‘धाडस नाही’ हे कारण कुठून आलं? कोलकात्यात महिला कर्जदारांवर एक प्रयोग झाला, तोही फील्ड आणि पांडे यांच्याच गटाचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. काहींचे हप्ते नेहमीप्रमाणे कर्ज मिळाल्यावर पंधरा दिवसांतच सुरू झाले, काहींना आधी दोन महिन्यांची सवड दिली. सवड मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हेही सांगायला हवं. म्हणजे त्यांनी जोखीम घेतली, काहींना फळली, काहींना नाही, जशी कुणालाही. पंधरा दिवसांत पहिला हप्ता दारात उभा राहणार असेल तर कुठला पुरुष नवीन मशीन घेईल? तोही रोज फिरणारा मालच भरेल.

पाचवा, कायद्याचा. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःचं बँक खातं उघडता यायला १९६५ साल उजाडलं. अमेरिकेत धंद्याच्या कर्जासाठी बाईकडे घरातल्या पुरुषाची सही मागण्याची पद्धत काही राज्यांत होती, ती बंद करणारा कायदा आला १९८८ साली. त्या वर्षी मी शाळेत होते. ज्या माणसांनी त्या सह्या मागितल्या त्यातले कित्येक अजून हयात असतील. ‘समान’ हा शब्द कायद्यात आला म्हणून समोरच्या टेबलावरचा माणूस "यजमान सोबत नाही आले?" विचारायचा थांबत नाही. बहिणीला या अर्जाच्या वेळीही हा प्रश्न विचारला गेला. कागदांच्या यादीत तशी अट नव्हती.

मामा, हे सगळं मी ग्रुपवरही टाकते आहे. तुम्ही तिच्या काळजीने पाठवलंत हे मला माहीत आहे. तिला पहिली शिलाई मशीन घ्यायला तुम्हीच सोबत गेला होतात, ते ती अजून सांगते. म्हणून तुमचं वाक्य तिला लागलं. अनोळखी माणसाचं असतं तर तिने मेसेज पुसून टाकला असता. तो मेसेज तुम्ही ज्यांना ज्यांना पाठवलात, त्यांना श्रीलंकेची उरलेली अर्धी गोष्टही पाठवा.

बहिणीने काल वहीत नवं पान घातलंय. डाव्या बाजूला काज मशीनची किंमत, मोटार, वायरिंग, पहिल्या तीन महिन्यांचे हप्ते. उजवीकडे, काजांसाठी माल बाहेर पाठवल्यावर गेल्या वर्षभरात महिन्याला किती गेले ते. पेन्सिलीची ती जुनी नोंद तिने शाईने पुन्हा लिहिली आणि पुढे ‘उसने’ हा शब्द घातला. नवऱ्याने ती वाचली, थोडा वेळ पानाकडे बघत बसला, आणि दर महिन्याला किती परत द्यायचे ते स्वतःच्या हाताने खाली लिहिलं. अर्ज अजून खणातच आहे. सोमवारी ती व्याजाचा दर पुन्हा एकदा विचारायला जाणार आहे, आणि पहिल्या हप्त्याला सवड मिळते का, तेही.