कोविशील्डमधला चिंपांझीचा विषाणू: मेसेज काय म्हणतो आणि खरं काय

मे 2024 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने आपली कोविडवरची लस युरोपच्या बाजारातून मागे घेतली; हीच लस आपल्याकडे कोविशील्ड नावाने दिली गेली. तेव्हापासून एक जुना मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या जोमाने फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कोविशील्डमध्ये आजारी चिंपांझीचा विषाणू होता, ही गोष्ट लोकांपासून लपवली, तो विषाणू अंगात वाढत राहतो आणि डीएनए बदलतो, मंकीपॉक्स त्यातूनच आला, रक्ताच्या गुठळ्या, हार्ट अटॅक हे सगळं त्याचंच फळ, आणि हे 2024 मध्ये उघड झालं. पुण्यात बनलेली ही लस महाराष्ट्रात घरोघरी घेतली गेली आहे. ज्यांनी घेतली त्यांच्या मनात आज विनाकारण धास्ती बसली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो "आजारी" चिंपांझी. लसीसाठी वापरलेला विषाणू अ‍ॅडेनोव्हायरस आहे, म्हणजे माणसांत ज्याने सर्दी-पडसं, डोळे येणं, जुलाब होतात त्याच कुळातला. वानरांत तो सहज आढळतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या विष्ठेचे नमुने तपासले. प्राणी धडधाकट होते, पण विष्ठेत जिवंत अ‍ॅडेनोव्हायरस भरपूर सापडले. ऱ्हीसस माकडांत तर काहीही लक्षण नसताना ते बराच काळ विष्ठेतून बाहेर पडत राहिले. आतड्यात मुक्काम करायचा आणि यजमानाला त्रास द्यायचा नाही, असं त्यांचं चालतं. सगळेच अ‍ॅडेनोव्हायरस इतके गरीब नसतात, हेही सांगायला हवं. 2009 मध्येच कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रात टिटी माकडांची वसाहत अशाच एका विषाणूने आजारी पडली आणि त्यातली बरीच दगावली. म्हणूनच लसीत मूळ विषाणू जसाच्या तसा घालत नाहीत.

त्याचं काय करतात? त्याच्या जनुकांपैकी ई1 नावाचा भाग काढून टाकतात. हा भाग नसेल तर विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. कारखान्यात तो वाढवायचा तर ई1 पुरवणाऱ्या खास पेशी लागतात. आपल्या दंडातल्या पेशी ते पुरवत नाहीत, त्यामुळे 0.5 मिलीच्या डोसमध्ये जेवढे कण टोचले, त्यांचे जास्त होत नाहीत. "अंगात वाढत राहतो" हा दावा इथेच संपतो.

मग चिंपांझीचाच का? माणसांतले नेहमीचे अ‍ॅडेनोव्हायरस आपल्याला लहानपणापासून होऊन गेलेले असतात. शरीर त्यांना ओळखतं आणि लस काम करण्याआधीच वाहक विषाणू (म्हणजे कोरोनाच्या प्रथिनाचं जनुक पेशीत पोचवणारा विषाणू) निकामी करतं. चिंपांझीच्या विषाणूशी आपली अशी जुनी ओळख नसते. निवडीमागे एवढंच कारण आहे.

लपवाछपवीबद्दल फार बोलायला नको. कोविशील्डच्या माहितीपत्रकात घटकांच्या यादीतच चिंपांझी अ‍ॅडेनोव्हायरस असं छापलेलं होतं.

डीएनए बदलण्याचं म्हणाल, तर विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात जातो हे खरं आहे. पण तो तिथे सुटाच राहतो. आपल्या गुणसूत्रांत स्वतःला जोडून घेण्याचं साधन एचआयव्हीकडे असतं, अ‍ॅडेनोव्हायरसकडे नसतं.

मंकीपॉक्सचा मुद्दा तर तारखांवरच टिकत नाही. तो विषाणू 1958 साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत सापडला आणि माणसातला पहिला रुग्ण 1970 साली काँगोत आढळला. तो देवीच्या विषाणूचा भाऊबंद. अ‍ॅडेनोव्हायरसचं कूळ पूर्णपणे वेगळं.

राहिल्या गुठळ्या, आणि इथे मेसेजला झटकून टाकणं मला योग्य वाटत नाही. या लसीनंतर फार थोड्या लोकांना मेंदूच्या किंवा पोटाच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या, सोबत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) घसरल्या, काहींचे जीव गेले. त्यांच्या घरच्यांना "काही होत नाही" म्हणून गप्प करणं अन्यायाचं आहे. पण दोष चिंपांझीचा नाही. लसीतला विषाणू रक्तातल्या पीएफ4 या प्रथिनाला चिकटतो. क्वचित एखाद्याचं शरीर त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती प्लेटलेटना चेतवतात. जॉन्सन अँड जॉन्सनच्या लसीतही हाच त्रास दिसला, आणि तिच्यातला अ‍ॅडेनोव्हायरस माणसाचा होता. वाहक माणसाचा असो की वानराचा, दोन्हीकडे तेच घडलं.

"2024 मध्ये उघड झालं" हेही चूक आहे. युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल 2021 मध्येच या गुठळ्या लसीच्या दुष्परिणामांत नोंदवायला सांगितल्या होत्या. हा त्रास डोसनंतर साधारण चार दिवसांपासून सहा आठवड्यांच्या आत उद्भवतो. 2021 मध्ये डोस घेतलेल्या माणसाच्या छातीत आज कळ आली, तर तिचा संबंध या गुठळ्यांशी लावता येत नाही. त्याने लसीच्या नावाने मनात कुढत न बसता त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा.