गुळानं पेल एल गोड होत नाही

कोल्हापुरातून शिकायला-नोकरीला इंग्लंडला गेलेल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरी पेल एल, म्हणजे एका प्रकारची बिअर, करायची एक रेसिपी फिरतेय. तिघांनी मला ती पाठवली. भाच्यानं तर सामान आणल्यावर विचारलं, "मामा, हे बरोबर आहे का?" रेसिपीचं सार असं: माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या जवात) किलोभर कोल्हापुरी गूळ घाला, बिअर गोड आणि भरदार होते. मूठभर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) सुरुवातीलाच टाकून तासभर उकळा, वास मुरतो. माल्ट आणि हॉप्स जितक्या प्रकारचे, तितकी चव. बेकरीचं यीस्ट चालतं. सातव्या दिवशी बाटल्या भरा.

मँचेस्टरला होतो तेव्हा चार वर्षं मी घरी बिअर केली, म्हणून लिहितोय. तिथं 1963 पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा हे इथं कुणी करू नये.

आधी गूळ. माझं बालपण कागलकडच्या मामाच्या गुऱ्हाळावर गेलं. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर यायची, ती काढायची, मग गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी बघायचा. त्या गुळावर माझं प्रेम आहे, म्हणूनच तो असा वाया गेलेला बघवत नाही. गूळ म्हणजे मुख्यतः उसाची साखर, आणि ही साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. गोडवा उरतच नाही. 20 लिटरला किलोभर गूळ घातला तर मद्यार्क दोनेक टक्क्यांनी चढतो आणि बिअर पातळ, कोरडी होते. मी एकदा हेच केलं होतं. ग्लास नाकाशी नेला तर काकवीचा हलका वास येत होता. घोट घेतला, तर तोंडात काही राहीना. गोडवा आणि भरदारपणा हवा असेल तर क्रिस्टल माल्ट घ्या. त्यातल्या बऱ्याच साखरा यीस्टला पचत नाहीत, त्या बिअरमध्ये राहतात. माल्ट 66-67 अंशांच्या पाण्यात तासभर भिजवला तरी बिअरला अंग येतं. तापमान तेवढं सांभाळायचं.

हॉप्सचं तर उलटंच सांगितलंय. तासभर उकळल्यानं हॉप्समधली अल्फा आम्लं बदलतात आणि त्यांचा कडवटपणा बिअरमध्ये उतरतो. वासाची तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. तांबडा रस्सा चुलीवर चढवतानाच कोथिंबीर टाकत नाही आपण, उतरवल्यावर वरून घालतो. इथंही तसंच. शिवाय "मूठभर" हे माप नव्हे. अल्फा आम्लांचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं आणि दर पिकाला बदलतं. 4 टक्क्यांची मूठ आणि 12 टक्क्यांची मूठ यांत तिप्पट फरक पडतो.

आता जितके प्रकार तितकी चव, म्हणे कांदा-लसूण चटणीसारखी. चटणीत पंधरा जिन्नस असतात हे खरं. पण आजीला प्रत्येकाचं प्रमाण हातात असतं, नव्या माणसाला नसतं. पाच माल्ट आणि चार हॉप्स घातले आणि चव बिघडली, तर कुणामुळे बिघडली ते कसं कळणार? भाच्याला मी 20 लिटरसाठी एवढंच लिहून दिलं: पेल माल्ट 4.5 किलो, क्रिस्टल माल्ट 300 ग्रॅम, हॉप एकच, कॅस्केड, अल्फा 6 टक्क्यांच्या आसपास. त्यातले 35 ग्रॅम तासभर, 25 ग्रॅम शेवटची पंधरा मिनिटं, 40 ग्रॅम आच बंद केल्यावर. सुरुवातीची घनता (पाण्याची 1.000 धरायची, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा) 1.050 च्या आसपास येईल, कडवटपणा 33-34 आयबीयू (हे कडवटपणा मोजायचं एकक). अमेरिकन पेल एलला 30 ते 50 आयबीयू धरतात, तेव्हा हे सौम्य बाजूला आहे. पुढच्या घाण्यात एकच गोष्ट बदलायची.

बेकरीचं यीस्ट दारू करेल, पण तळाशी नीट बसत नाही आणि चवही भलतीच देऊ शकतं. एल यीस्टचं पाकीट घ्या आणि भांडं 18-20 अंशांवर ठेवा.

सातव्या दिवशी बाटल्या भरा, हे वाचून मला खरोखर भीती वाटली. यीस्टला पंचांग कळत नाही. घर गार असेल तर दहा दिवस लागतील, पंधरा लागतील. बुडबुडे थांबले म्हणून आंबणं संपलं असंही नाही, थंडीनं यीस्ट नुसतं सुस्तावलेलं असू शकतं. बाटलीत फेस धरायला लिटरला 6-7 ग्रॅम साखर पुरते. आंबणं संपल्यावरच्या 1.011 घनतेच्या जागी 1.020 ला बाटल्या भरल्या, तर तिच्या तिप्पट-चौपट साखर आत राहते, वर आपण घालतो ती वेगळीच. त्या साखरेच्या वायूच्या दाबानं माझी एक बाटली रात्री कपाटात फुटली होती. सकाळी काचेचा तुकडा समोरच्या दाराच्या लाकडात रुतलेला दिसला. तिथं कुणी उभं असतं तर?

म्हणून भाच्याला सामानात आणखी एक वस्तू आणायला लावली, हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायचं साधन. तीन दिवस रोज मोजायचं, आकडा जागचा हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. काल त्याचा फोटो आला: नववा दिवस, 1.014. मी कळवलं, "अजून थांब."