राजकन्या वाढवताना घ्यायची काळजी

मुलीला पाचवं वर्ष लागणार असेल तर वेळ घालवू नका, आधी हॉल बघा. नाशकात गंगापूर रोडला बघा, कॉलेज रोडला बघा, अगदीच जमत नसेल तर इंदिरानगरला बघा. थीम मात्र एकच सांगायची: प्रिन्सेस. डेकोरेटर पुढचं काही विचारत नाही. त्याच्याकडे फ्लेक्सवरचा किल्ला तयार असतो, गुलाबी-जांभळ्या फुग्यांची कमान असते आणि एक सोनेरी सिंहासन असतं, जे कालच कुणाच्या तरी डोहाळजेवणाला जाऊन आलेलं असतं. गाऊन भाड्याने मिळतो. आत तारेचा घेर, त्यामुळे धड बसता येत नाही. मुलगी रडेल, टोचतंय म्हणेल. टोचू द्या. वीस गाद्यांखालचा वाटाणा टोचला, एवढ्याच गुणावर एकीला राजाची सून करून घेतल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याकडे निदान पत्रिका तरी बघतात.

पण नुसत्या गाऊनने राजकन्या होत नसते. त्याला संस्कार लागतात, आणि संस्कारांसाठी शुभंकरोती म्हणायला हल्ली घरात कुणी मोकळं नसतं. तेव्हा टीव्ही लावा.

सुरुवात १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'पासून करावी. जुनं ते सोनं. ही राजकन्या आपल्याला पहिल्यांदा दिसते ती फाटक्या कपड्यांत पायऱ्या घासताना. सावत्र आईने तिला मोलकरीण करून टाकलेलं असतं आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. मुलीला इथे नीट समजावून सांगा, नाहीतर घोटाळा होईल. पायऱ्या घासण्यात वाईट काही नाही. आपल्या जिन्याच्या पायऱ्या रोज सकाळी साडेसातला कुणीतरी घासतंच, तेव्हा मागे व्हायोलिन वाजत नाही. पायऱ्या चुकीच्या माणसाला घासाव्या लागल्या की व्हायोलिन वाजतं.

मग येतात सात बुटके. ते दिवसभर खाणीत हिरे-माणकं खणतात, गाणं म्हणत घरी येतात आणि सातही जण एकाच खोलीत झोपतात. एवढे हिरे जातात कुठे, हा प्रश्न सिनेमाला पडत नाही, तुम्हीही पाडून घेऊ नका. तिजोरीच्या खोलीची किल्ली तर ते दाराशेजारच्या खुंटीलाच अडकवून जातात, इतकी भाबडी माणसं. शेवटी राजपुत्र येतो, राजकन्या घोड्यावर बसून निघून जाते आणि बुटके आनंदाने निरोप देतात. सोमवारी पुन्हा खाण. मुलीला यातून कळतं की कष्टकरी माणूस मुळात आनंदी असतो. कधी दिंडोरीकडे गाडी काढलीत आणि द्राक्षबागेत छाटणीला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या दिसल्या, आणि 'बाबा, हे गाणं का म्हणत नाहीत?' असं मागच्या सीटवरून आलं, तर काच वर करा आणि एसी लावा. मार्च २०१८ मध्ये याच भागातली शेतकरी माणसं मोर्चा घेऊन नाशिकच्या सीबीएस चौकातून चालत मुंबईला निघाली होती, तेव्हा त्यांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो पेपरांत आले होते. असले फोटो मुलांसमोर नको. कार्टूनमध्ये पायाला फोड येत नाहीत.

१९५० च्या 'सिंड्रेला'त उंदरांकडे लक्ष द्यायला सांगा. घरची चांगली, बाप खानदानी, पण नशिबाने चुलीपाशी आलेली ही मुलगी. उंदीर आणि पाखरं मिळून तिचा झगा शिवतात. मग परीमावशी येते, कांडी फिरवते आणि उंदरांचं भाग्य उजळतं, म्हणजे त्यांचे घोडे होतात. शिवणकामावरून ओढकामावर बढती. आत नाच सुरू होतो तेव्हा ते कुठे असतात? पार्किंगमध्ये, जिथे आपले ड्रायव्हर असतात.

मात्र एकच सिनेमा दाखवायला वेळ असेल तर १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' दाखवा. घरकामाला माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो अभ्यासावा असा आहे. एका गर्विष्ठ राजपुत्राने दारात आलेल्या म्हातारीला हाकललं. ती निघाली जादूगारीण. तिने शाप दिला. इथवर न्याय आहे. पण शाप लागला कुणाला? राजपुत्राचा झाला पशू. त्याचा वाडा राहिला, पलंग राहिला, जेवण राहिलं. ज्यांनी म्हातारीला पाहिलंही नसेल, त्या नोकरांचं काय झालं? कारभाऱ्याचं घड्याळ झालं, दुसऱ्याचं मेणबत्तीचं झाड झालं, स्वयंपाकघरातल्या बाईची किटली झाली आणि तिच्या लहान पोराचा कप. काठाला टवका गेलेला. मालकाने माती खाल्ली की जेवणाची भांडी व्हायची ती कामगारांची, हे इतक्या सोप्या भाषेत अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

आणि ही भांडी चिडतात का? छे. वाड्यावर पाहुणी आली म्हणून ती ताटावाटीसकट नाचतात. सेवा करायला कुणी नाही म्हणून गंजत पडलो होतो, हे त्यांचं दुःख! दहा वर्षं पगार नाही, सुट्टी नाही, हातपाय नाहीत, आणि तक्रार काय, तर काम कमी पडलं. तुमच्या मावशी अशा बोलतात का? त्या दिवाळीला बोनस मागतात, गावाला जत्रेला चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी येतात. सिनेमा त्यांनाही दाखवून बघा.

शेवटी शाप उतरतो आणि सगळी भांडी माणसं होतात. म्हणजे पुन्हा नोकर होतात. आणि किती आनंद! आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी ठराव झाला की धुणंभांडीवाल्या मावशींनी पुढची लिफ्ट वापरायची नाही, मागची सामानाची वापरायची. ठराव मांडणारे गृहस्थ भावनाशून्य आहेत असं कुणी म्हणू नये. कपाचा पुन्हा मुलगा होतो त्या प्रसंगाला त्यांनी चष्मा काढून डोळे पुसलेले मी स्वतः पाहिले आहेत. नातीच्या शेजारी बसून.

'द लायन किंग' मुलग्यांसाठी. १९९४ चा. सिंहाचं पिल्लू कड्यावरून उंच धरतात आणि खाली हरणं, झेब्रे, हत्ती सगळे माना लववतात. म्हणजे उद्या जो आपल्याला खाणार, त्याच्या बारशाला पंगत हजर. यावर पिल्लाने बापाला विचारलंच, की आपण तर हरणं खातो ना? बाप म्हणतो, आपण मेलो की गवत होतो, आणि ते हरणं खातात. काय उत्तर आहे! मेंटेनन्स वाढवायचा असेल तेव्हा सोसायटीच्या सभेत हे वाक्य जसंच्या तसं वापरता येतं. तरसं मात्र हद्दीबाहेर, सावलीतल्या हाडांच्या जागेत राहतात आणि कायम उपाशी असतात. त्यांना आत घेतलं की कुरण वाळतं. खरा वारस गादीवर येतो तेव्हा पाऊस पडतो. गंगापूर धरण भरत नाही म्हणून आपण उगाच आभाळाकडे बघत बसतो, आणि भरलं की जायकवाडीला किती सोडायचं यावरून भांडतो. एक चांगल्या घराण्यातलं पोर कड्यावरून वर धरून बघायला काय हरकत आहे?

'अल्लादीन' (१९९२) जरा जपून. यात राजकन्या वेष पालटून बाजारात जाते, गाडीवरचं सफरचंद उचलून एका भुकेल्या पोराला देते आणि पैसे द्यायचे असतात हेच तिला माहीत नसतं. गाडीवाला पैसे मागतो आणि हात तोडायला धावतो. म्हणजे खलनायक कोण हे ठरलं. फळांना किंमत असते, ती गाडीवाल्याने पहाटे उठून आधी कुणाला तरी मोजलेली असते, हा भाग कापलेला आहे. हे बाळकडू एकदा मुरलं की मुलगी मोठेपणी गंगाघाटावर मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालताना चुकूनही अपराधी वाटून घेणार नाही.

जपून का, तर पुढे ती अल्लादीन नावाच्या रस्त्यावरच्या पोराच्या प्रेमात पडते. राजकन्येचं लग्न राजपुत्राशीच व्हावं असा कायदा असतो, आणि शेवटी सुलतान एका दमात तो बदलून टाकतो. टाळ्या. तुम्हीही वाजवा, पण मुलीला हेही सांगून ठेवा की आपल्याकडचा अल्लादीन सातपूरच्या कंपनीत कंत्राटी असेल आणि आडनाव वेगळं असेल, तर बाबांना कायदा इतक्या पटकन बदलता येणार नाही. नाशकात दारं सावकाश उघडतात. राजपुत्राच्याच देवळाचं घ्या. काळारामाच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, लोकांनी दगड खाल्ले, आणि दार काही उघडलं नाही. मुलांना पंचवटी दाखवायला नेलंत तर सीतागुंफा दाखवा, रामकुंड दाखवा. हे विचारलं तर चिवडा घेऊन द्या.

बाकीचे पटापट उरका. 'फ्रोझन'मधला बर्फ विकणारा मुलगा राजकन्येसाठी जीव धोक्यात घालतो, त्याला नवी घसरगाडी आणि सरकारी हुद्दा मिळतो. लग्न नुसतं ठरायलाही पुढच्या भागापर्यंत थांबावं लागतं. २००९ च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधली टियाना दोन-दोन ठिकाणी वेटरचं काम करून स्वतःचं हॉटेल काढायला नाणं नाणं साठवते. एकीच्या तरी हाताला घट्टे आहेत म्हणून तुम्हाला बरं वाटेपर्यंत तिची बेडकी होते, आणि पुन्हा माणूस होते ती राजपुत्राशी लग्न लागल्यावरच. म्हणजे मुद्रा लोनपेक्षा सोपं. मुलान तर कुणा राजाची मुलगी नाही, सून नाही. तिने चीन वाचवला. बक्षीस म्हणून बाहुल्यांच्या खोक्यावर तिला राजकन्यांच्या ओळीत उभं केलं. उंदीरसुद्धा स्वयंपाकी होऊ शकतो असं सांगणाऱ्या 'रॅटटुई'त कचरा उचलणारा पोऱ्या शेवटी हॉटेलच्या दिवंगत मालकाचाच मुलगा निघतो. उंदराला हुनर, पोऱ्याला सातबारा. रक्त कुठे जातं?

आपलं देशी काय, असं विचाराल तर 'छोटा भीम' आहे. २००८ पासून ढोलकपूरवर दरोडेखोर, राक्षस, जादूगार सगळे चालून येतात. राजा इंद्रवर्मा प्रत्येक वेळी सिंहासनावरून हवालदिल होतो, आणि धोतर नेसलेलं एक पोर जाऊन त्यांना बुकलून येतं. ना पगार, ना शाळा. मोबदला लाडू, तेही टुनटुन मौसीच्या दुकानातले, ज्यांचे पैसे राजा देताना मी तरी पाहिला नाही. इतक्या वर्षांत एकाही ढोलकपूरकराच्या मनात आलेलं नाही की काम भीम करतो तर हे गृहस्थ वर बसून काय करतात. अशी जनता मिळायला पुण्याई लागते. आपल्याकडे १९७१ साली घटना दुरुस्त करून खऱ्या राजांचे तनखे बंद केले, आणि तेव्हापासून आपण बिल्डरकडून गेटवर सिंह बसवून घेतो आहोत.

प्रत्येक घरात एक आजोबा असतात, ते म्हणतील, हे सगळं परदेशी खूळ आहे. त्यांना त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांची आठवण करून द्या. आपल्या या जिल्ह्यातल्या माणसाने १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो राजावरच. हरिश्चंद्र राज्य गमावतो, बायको-पोर विकतो, मसणात डोंबाच्या हाताखाली राबतो, आणि आपण शंभरावर वर्षं रडतो आहोत. राजा मसणात! मसणात जन्म काढणाऱ्या त्या डोंबासाठी एक रुमाल ओला झाल्याचं ऐकिवात नाही. राजाची शेवटी परीक्षा संपते, राज्य परत मिळतं. डोंबाची परीक्षा नव्हतीच, नोकरी होती. गंमत म्हणजे त्या सिनेमातली तारामती राणी झालेले अण्णा साळुंके आधी एका खानावळीत कामाला होते. राणीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा खानावळीतून राणी आणली. याच फाळक्यांनी पुढे आगकाड्या सरकवून हलती चित्रंही केली. ती मात्र मुलांना सांगू नका. त्यात सगळ्या काड्या एका उंचीच्या, सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच गूल. राजा कोण आणि पायऱ्या कुणी घासायच्या, काही कळायचं नाही.

असो. वाढदिवसाकडे वळू. केक साडेआठला कापा, नाहीतर पोरं झोपतात. रिटर्न गिफ्ट म्हणून प्लॅस्टिकचे मुकुट द्या, दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या बागेत पडलेले मिळतात आणि माळीकाका गोळा करतात. मावशींना मदतीला बोलवाच. त्यांची सातवीतली मुलगी बरोबर येईल, प्लेटा उचलेल. पाहुण्यांपैकी एखादं चिमुरडं तिला विचारेल, तू कुठली प्रिन्सेस झालीस? ती काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. डीजेला आवाज वाढवायला सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत दुकानात पोचवा, नाहीतर डिपॉझिट कापतात. अकराला एक मिनिटही वर चालत नाही. घेरावर चॉकलेट सांडलेलं असतंच. घाबरू नका, रात्री निघताना तो पिशवीत घालून मावशींकडे द्या, धुऊन, वाळवून सकाळी आणून देतात. सिनेमात हे काम उंदीर करतात.